दसऱ्याची सवलत आणि दिवाळीनंतरची तारीख

पत्र :

डॉक्टर, नमस्कार. मी हडपसरला घरगुती पोळी-भाजी केंद्र चालवते. वय 48. पहाटे पाचपासून दुपारी दोनपर्यंत ओट्याशी उभी असते. धाकट्याच्या वेळेपासून डाव्या पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत. गेल्या दोन वर्षांत घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडली, खाज सुटते. मेमध्ये तिथेच जखम झाली, ती भरायला दोन महिने गेले. उजव्या पायावर नुसत्या बारीक निळ्या-लाल रेषा आहेत. सोसायटीत मोफत शिबिर होतं. तिथे मशीन लावून पाहिलं आणि दोन्ही पायांचं लेझर सांगितलं. खर्च 1 लाख 70 हजार, दसऱ्याच्या आत पैसे भरले तर 1 लाख 40 हजार. सरकारी रुग्णालयात दाखवलं तर त्यांनी पट्टी बांधायला सांगितली आणि म्हणाले, दिवाळीनंतर या, मग तारीख बघू. मेडिक्लेम काढून सव्वा वर्ष झालं आहे, रेशनकार्ड केशरी आहे. यजमान रिक्षा चालवतात. त्यांचं म्हणणं, शीरच काढली तर पायाला रक्त कोण पुरवणार? जाऊबाई म्हणतात, सरकारीत शिकाऊ पोरं कापतात. पतपेढीतून कर्ज काढून लेझर करून टाकावं का? किती दिवस केंद्र बंद ठेवावं लागेल? – सुनंदा (नाव बदलले आहे)

उत्तर :

सुनंदाताई, नमस्कार.

शिबिरवाल्यांना अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका. आणि ‘दिवाळीनंतर या’ म्हणाले म्हणून तोवर हातावर हात ठेवूनही बसू नका. मी उमेदीची वर्षं सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात काढली, आता खासगीत शस्त्रक्रिया करतो. दोन्ही घरची खोड मला चांगली माहीत आहे. फुगलेल्या शिरांच्या, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सच्या, पेशंटचं सरकारीत नुकसान झालं तर ते बहुतेक वेळा उशिरापायी होतं. खासगीत होतं ते घाईपायी. गरज नसलेल्याची शस्त्रक्रिया होते, किंवा एका पायाच्या दुखण्यासाठी दोन पायांचं बिल होतं. तुमच्या पत्रात या दोन्ही गोष्टी एकदम आल्या आहेत. म्हणून सरकारीत तुम्हाला मागे लागावं लागेल आणि खासगीत समोरच्याला थोपवून धरावं लागेल.

आधी यजमानांची शंका, कारण ती फिटल्याशिवाय ते संमतिपत्रावर सही करायला येणार नाहीत. पायाला रक्त पुरवतात त्या धमन्या, त्यांना या शस्त्रक्रियेत कुणी हात लावत नाही. शिरांचं काम ते रक्त परत वर हृदयाकडे नेण्याचं, आणि त्यातलंही जवळपास 90 टक्के रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांमधून जातं. घोट्यापासून जांघेपर्यंत कातडीखालून जाणारी लांब शीर उरलेलं काम करते. तिच्यात ठिकठिकाणी झडपा असतात. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गेला की मोटार बंद करताच पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं ना, तसंच जांघेजवळची झडप निकामी झाली की उभं राहिल्याबरोबर रक्त खाली येतं, शीर फुगते, वेडीवाकडी होते. अशी शीर रक्त वर न्यायचं सोडून घोट्याशी साठवत बसलेली असते. ती बंद केली की रक्त खोल शिरांनी निमूट वर जातं. बायपासच्या वेळी हृदयाला जोडायला सर्जन पायातली हीच शीर काढून घेतात आणि ते पेशंट पुढे कितीतरी वर्षं हिंडतात-फिरतात, एवढं यजमानांना सांगितलं तरी पुरे. अट एकच, खोल शिरा मोकळ्या हव्यात. पूर्वी कधी त्यांत गुठळी होऊन त्या बुजल्या असतील तर वरची शीर बंद करणं महागात पडतं. हे तपासल्याशिवाय कुणीही पायाला हात लावू नये.

आता तुमचा पाय. या आजाराच्या पायऱ्या शून्यापासून सहापर्यंत मोजतात. बारीक निळ्या-लाल रेषा ही पहिली. फुगीर शिरा दुसरी, सूज तिसरी. कातडी काळी पडणं, खाज, कडकपणा ही चौथी. भरून आलेली जखम पाचवी आणि उघडी जखम सहावी. तुमचा डावा पाय पाचव्या पायरीवर आहे, उजवा पहिल्या. म्हणजे डाव्या पायाला उपचार हवेत आणि ते सौंदर्यासाठी नव्हेत. उजव्याला तुमच्या वर्णनावरून तरी आज काहीही करायची गरज दिसत नाही. त्या 1 लाख 70 हजारांतले साधारण निम्मे पैसे कुठे चालले होते ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांसाठी आहे, तिथेही नुसत्या दिसायला नकोशा वाटणाऱ्या शिरांसाठी सहसा सरकारी खर्चाने शस्त्रक्रिया होत नाही. मात्र 2013 साली तिथे जी मार्गदर्शक सूत्रं ठरली त्यांत दोन आठवड्यांत न भरलेली घोट्याची जखम, आणि एकदा होऊन भरलेली जखमसुद्धा, शिरांच्या तज्ज्ञाकडे पाठवायचं कारण मानली आहे. 2018 साली तिथलाच एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जखम असतानाच लवकर शीर बंद केलेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा 56 दिवसांत भरल्या, आधी पट्टीवर ठेवून शीर नंतर बंद केलेल्यांत त्यालाच 82 दिवस लागले. पट्टी दोन्ही गटांना होतीच. हे तुम्हाला एवढ्यासाठी सांगतो की तुमच्यासारख्या पायाला ‘पट्टी बांधा, बघू पुढे’ हे उत्तर काही आठवड्यांपुरतं ठीक आहे, दोन वर्षं पुरणारं नाही. काळा डाग मात्र शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण जाईल अशी आशा ठेवू नका. साठलेल्या रक्तातलं लोह कातडीत झिरपून तो पडलेला असतो. थोडा फिका होतो, इतकंच. खाज आणि जडपणा मात्र कमी होतो, आणि जखम पुन्हा होण्याची भीतीही.

शिबिरात मशीन लावलं म्हणता, तेव्हा तुम्ही उभ्या होता की झोपलेल्या? प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण सगळं त्याच्यावर आहे. शिरांचा कलर डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी, नीट करायचा तर पेशंटला उभं करतात. वजन दुसऱ्या पायावर घ्यायला सांगतात, तपासायचा पाय जरा पुढे, गुडघ्यात सैल. जांघेत गार जेली लावून प्रोब ठेवतात आणि दुसऱ्या हाताने पोटरी दाबून सोडतात. दाबली की पडद्यावर एक रंग चमकतो, सोडली की झडप चांगली असेल तर पडदा काळा पडतो. झडप गेलेली असेल तर सोडल्यावर लगेच उलटा रंग येतो आणि रेंगाळतो. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त रेंगाळला तर ती शीर गळते असं धरतात. मग तसंच खाली सरकत गुडघ्यामागची जागा, मांडी-पोटरीतल्या जोडशिरा आणि खोल शिरा पाहतात. एका पायाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मंडपात आडवं झोपवून दोन मिनिटांत दोन्ही पाय पाहून झाले असतील तर तो डॉप्लर नव्हे, जाहिरात आहे. रिपोर्ट लेखी घ्या. त्यात कुठली झडप गेली, शिरेची जाडी किती मिलिमीटर आणि खोल शिरा मोकळ्या आहेत की नाहीत, ही तीन वाक्यं नसतील तर पुन्हा करून घ्या. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात हा डॉप्लर फुकट किंवा नाममात्र दरात होतो. तिथे गर्दी असते, नंबर लागायला दिवस जातात, पण करणाऱ्याला तुम्हाला काही विकायचं नसतं.

लेझर चांगलं की टाक्यांची शस्त्रक्रिया? दोन्हींचं काम एकच, गळकी शीर जांघेपासून बाद करणं. लेझरमध्ये गुडघ्याजवळ सुई टोचून बारीक तार शिरेतून वर सरकवतात. तारेचं टोक जांघेच्या मुख्य जोडाच्या दोनेक सेंटिमीटर अलीकडे थांबवतात. मग सोनोग्राफीत बघत शिरेभोवती भुलीचं गार पाणी टोचत जातात, त्याने कातडी भाजत नाही. तार तापवून मागे ओढतात आणि शीर आतून चिकटून बंद होते. पेशंट त्याच दिवशी चालत घरी जातो. रेडिओफ्रीक्वेन्सी हा त्याचाच भाऊ, तिथे शीर लेझरऐवजी रेडिओलहरींनी तापवतात. जुन्या शस्त्रक्रियेत बहुधा कमरेतून भूल देतात, जांघेत छोटा छेद घेऊन शीर मुळाशी बांधतात आणि मांडीतली शीर गुडघ्याच्या जरा खालपर्यंत ओढून काढतात. त्याच्याही खाली सहसा जात नाहीत, कारण तिथे शिरेला लागून संवेदनेची नस असते, ती दुखावली तर पोटरीची आतली बाजू बधिर राहते. पोटरीवरचे फुगे बारीक टोचे घेऊन काढतात, ते लेझरवाल्यांनाही बहुतेकदा करावंच लागतं. फेसाचं इंजेक्शन देऊन शीर बंद करायचा तिसरा मार्गही आहे, स्वस्त आणि सोपा, पण मोठ्या जाड शिरेला तो कमी टिकतो. डिंक भरून शीर चिकटवायची पद्धतही आता सांगतात. ती तुमच्या बजेटची नव्हे आणि तुम्हाला तिची गरजही दिसत नाही.

लेझरचा फायदा खरा आहे. दुखणं कमी, जांघेत जखम नाही, कामावर लवकर परत. म्हणूनच वर सांगितलेल्या ब्रिटिश सूत्रांत पहिली पसंती लेझर-रेडिओफ्रीक्वेन्सीला, मग फेसाला, शेवटी शस्त्रक्रियेला आहे. पण लेझर, फेस आणि शस्त्रक्रिया यांची पाच वर्षांनी तुलना केली तेव्हा फेस मागे पडला, शस्त्रक्रिया लेझरच्या बरोबरीने उभी होती. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की सरकारी रुग्णालयात लेझरचं यंत्र नसेल आणि जुनी शस्त्रक्रिया करू म्हणाले, तर तुम्हाला दुय्यम उपचार मिळतोय असं समजू नका. पहिले दोन-तीन आठवडे जड जातील, त्याबदल्यात कर्ज नाही. शिरा पुन्हा फुगू शकतात, दोन्ही पद्धतींनंतर. ‘आयुष्यभराची गॅरंटी’ देणाऱ्याच्या दारातून परत फिरा.

जाऊबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात निवासी डॉक्टर शस्त्रक्रियेत असतात, करतातही. ते एमबीबीएस होऊन सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण घेणारे असतात आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी राउंडला ‘मॅडम, उद्या कोण वरिष्ठ असतील?’ असं खुशाल विचारा. कुणी रागावत नाही, रागावलं तर ऐकून घ्या आणि पुन्हा विचारा. मला सरकारीत जास्त खटकतं ते वेगळंच. रात्री अपघात येतात, आतडं फुटलेलं येतं, आणि सकाळच्या यादीतली शिरांची केस सगळ्यात आधी कापली जाते. कारण कुणाच्याही जिवावर बेतलेलं नसतं. यात दुष्टपणा कुणाचा नाही. पण तीनदा उपाशी राहून तीनदा परत पाठवलेली बाई चौथ्यांदा येत नाही, आणि मग जखम घेऊन दोन वर्षांनी येते.

म्हणून मागे कसं लागायचं ते सांगतो. सरकारी सर्जरी विभाग युनिटांत विभागलेला असतो. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला, ऑपरेशनचे वार ठरलेले. तुमचा जुना केसपेपर काढा, त्यावर युनिट लिहिलेलं असेल. त्याच युनिटच्या वारी जा. वेगळ्या वारी गेलात तर नवा डॉक्टर, नवा केसपेपर आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. डॉक्टरांना नुसतं ‘शिरा दुखतात’ म्हणू नका. ‘मेमध्ये घोट्याला जखम झाली होती, दोन महिन्यांनी भरली’ हे पहिलं वाक्य असू द्या आणि त्या जखमेचा मोबाइलमधला फोटो दाखवा. तुमच्या केसची निकड त्या एका वाक्याने बदलते. डॉप्लर, रक्त-लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि भुलीच्या डॉक्टरांची फिटनेस यांची चिठ्ठी एकाच दिवशी मागून घ्या. ज्याची फिटनेस झालेली असते त्याला रद्द झालेल्या जागेवर आयत्या वेळी बोलावता येतं. आणि भरतीची तारीख केसपेपरवर लिहून घ्या. तोंडी तारखेला तिथे किंमत नाही, कारण निवासी डॉक्टरांची बदलीही होत असते.

पुण्यात सरकारी म्हणजे एकच दार नाही, हेही लक्षात असू द्या. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचं, औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, पिंपरीचं वायसीएम तिथल्या महापालिकेचं. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत. मेडिकल कॉलेजांत आणि महापालिकेत थोडं शुल्क लागतं, तेही खासगीच्या मानाने किरकोळ. एका ठिकाणी तीन महिन्यांपलीकडची तारीख मिळाली तर डॉप्लरचा रिपोर्ट घेऊन दुसऱ्या दारात जायला कुणाची बंदी नाही.

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचा तुम्ही पत्रात उल्लेखच केला नाही, आणि शिबिरवाल्यांनीही केला नसणार. जुलै 2024 पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, रेशनकार्डाचा रंग कुठलाही असो, आणि कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार तिच्यात बसतात. योजनेत असलेल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्राचं टेबल असतं. डॉप्लर रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार घेऊन तिथे जा आणि नेमकं विचारा : माझ्या पायाचं पॅकेज इथे चालतं का, त्यात लेझर बसतं की उघडी शस्त्रक्रिया? काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेल्या असतात, म्हणून हे भरती व्हायच्या आधी विचारायचं. हेल्पलाइन 155388. योजनेतून मंजुरी मिळाल्यावर ‘वरचे एवढे रोख द्या’ असं कुणी म्हणालं तर द्यायचे नाहीत, त्याच हेल्पलाइनवर तक्रार करायची.

आणखी एक मधला रस्ता आहे, लोक तो विसरतात. पुण्यातली बरीच मोठी खासगी रुग्णालयं धर्मादाय न्यासांची आहेत. त्यांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पहिल्यांसाठी 1 लाख 80 हजार, दुसऱ्यांसाठी 3 लाख 60 हजार. तुमचं केंद्र आणि रिक्षा मिळून तुम्ही दुसऱ्यात बसण्याची शक्यता आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा आणि बिलिंगच्या खिडकीवर न जाता थेट समाजसेवा विभागात जा. खिडकीवरचा मुलगा बहुधा ‘खाटा भरल्यात’ म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका.

मेडिक्लेमचं सांभाळून. बहुतेक पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्सना 24 महिन्यांची वाट पाहावी लागते, तुमचे पंधराच झालेत. शिवाय पॉलिसी घ्यायच्या आधीपासून आजार असेल तर त्याची मुदत वेगळी, ती जास्तीत जास्त 36 महिने. दोन्हींतली मोठी मुदत लागू होते. एखादं सेंटर ‘आम्ही इन्शुरन्समध्ये बसवून देतो, फक्त त्रास सहा महिन्यांपासून आहे असं सांगा’ म्हणेल. ते करू नका. खोटी तारीख सापडली तर हा क्लेम तर जाईलच, पुढे घरात कुणाला खरंच मोठं काही झालं तेव्हा पॉलिसीच वादात असेल. (इतर वाचकांसाठी : कुटुंबात कुणी ईएसआयसीत, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, असेल तर हे सगळं वाचत बसण्याआधी तिथलं रुग्णालय गाठा.)

एवढं करूनही खासगीत जायची वेळ आली, तर दसऱ्याची सवलत बघू नका. फक्त डाव्या पायाचं लेखी कोटेशन मागा. त्यात भूल, ऑपरेशन थिएटर, लेझरची तार, पोटरीचे टोचे, स्टॉकिंग (पायावर दाब देणारा घट्ट मोजा) आणि नंतरचा एक डॉप्लर, असं वेगवेगळं लिहिलेलं हवं. तार एकदाच वापरायची असेल तर तिचं सीलबंद पाकीट दाखवायला सांगा. ऑपरेशन कोण करणार, सर्जन की रेडिओलॉजिस्ट, आणि रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार, हेही विचारा. गल्लीतल्या दुकानवजा व्हेन सेंटरला शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जड जातं. तुमच्यासाठी माझा क्रम असा : आधी सरकारी आणि योजना, ते तीन महिन्यांत जमलं नाही तर धर्मादाय, आणि पतपेढीचं कर्ज यादीतच नको.

दिवाळीचं म्हणाल तर जखम बंद आहे तोवर फराळाचा हंगाम उरकून नोव्हेंबर-डिसेंबरात शस्त्रक्रिया करायला माझी हरकत नाही. तारीख मात्र आत्ता घ्या, आणि तपासण्याही आत्ताच. जखम पुन्हा उघडली तर चकल्या बाजूला ठेवून त्याच आठवड्यात ओपीडीत जायचं. आणि फुगलेली शीर फुटून रक्त वाहायला लागलं तर घाबरून धावाधाव करू नका. रक्त भराभरा जातं, कारण त्या शिरेत उभं राहिल्यावर खूप दाब असतो. जमिनीवर आडव्या व्हा, पाय खुर्चीवर उंच करा, स्वच्छ फडक्याने बोटांनी दाबून धरा. रक्त थांबतं. मग कॅज्युअल्टी. असं एकदा झालं की तारखेची वाट बघायची नसते, हे डॉक्टरांनाही मान्य असतं.

तोवर क्रेप बँडेजपेक्षा क्लास 2 दाबाची गुडघ्यापर्यंतची स्टॉकिंग बरी. बँडेज दुपारपर्यंत सैल होऊन घोट्याशी गोळा होतं. स्टॉकिंग घोटा-पोटरी मोजून घ्यायची आणि पहाटे अंथरुणातून उतरायच्या आधी चढवायची. चालायला लागल्यावर चढवली तर तोवर शीर भरलेली असते. त्याआधी डॉक्टरांकडून पावलाच्या धमनीचा ठोका एकदा बघून घ्या, मधुमेह असेल किंवा मिसरी लावत असाल तर नक्कीच. धमनी अरुंद असताना घट्ट मोजा घातला तर पाय काळा-निळा पडू शकतो. लाटायचं काम उंच स्टुलावर बसून करा, भाजायला उभ्या राहा. उभं असताना टाचा वर-खाली करत राहिलं की पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो. दुपारी पाय उशीवर नको, भिंतीला लावून, छातीच्या वर जातील असे अर्धा तास ठेवा. घोट्याच्या काळ्या भागावर खाजेसाठी मेडिकलमधून आणलेली कुठलीही ट्यूब लावू नका. साधं खोबरेल किंवा व्हॅसलीन पुरे. तिथली कातडी पातळ झालेली असते, नखाचा ओरखडासुद्धा जखमेला पुरतो.

केंद्र किती दिवस बंद, तर लेझर झालं तर आठवडाभर धरून चाला, उघडी शस्त्रक्रिया झाली तर दोन ते तीन आठवडे. त्यापुढेही पहिला महिना ओट्याशी अर्धाच दिवस. शस्त्रक्रियेच्या सकाळी डॉक्टर तुम्हाला उभं करून पायावर मार्करने शिरा काढतील. कारण झोपल्यावर त्या रिकाम्या होऊन दिसेनाशा होतात. ती शाई आठवडाभर जात नाही, घासू नका. पट्टी सोडल्यावर मांडी जांभळी-हिरवी दिसेल, बंद केलेली शीर दोरीसारखी हाताला लागेल, ओढल्यासारखं होईल. हे अपेक्षित आहे, तीन-चार आठवड्यांत ओसरतं. झोपून राहायचं नाही, त्याच दिवसापासून थोडं थोडं घरात चालायचं, त्याने खोल शिरेत गुठळी व्हायची शक्यता कमी होते. पण एकाच पायाची पोटरी एकदम सुजून टणक झाली, दुखायला लागली, किंवा दम लागून छातीत कळ आली, तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. यजमानांना रिक्षा काढायला सांगा आणि त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठा. सरकारी की खासगी, त्या वेळी बघायचं नाही. जे जवळ असेल ते.